संकोचाची किंमत

औषधाच्या दुकानात एरवी मोठ्याने बोलणारा माणूसही काही दुखण्यांचे नाव घेताना आवाज खाली आणतो. अंगावरून पांढरे जाणे, योनिमार्गाची आग, जांघेतील खाज ही त्यांपैकीच होत. पुष्कळदा स्त्री स्वतः दुकानात जातच नाही. मागच्या वेळच्या गोळीचे नाव चिटोऱ्यावर लिहून घरातल्या कुणाला तरी पाठविते. दुकानदार काही विचारीत नाही, गिऱ्हाईक काही सांगत नाही आणि व्यवहार अर्ध्या मिनिटात पुरा होतो. बाजाराच्या दृष्टीने तो सुटसुटीत खराच. परंतु त्यात जे विचारले गेले नाही, त्याचीच किंमत पुढे मोजावी लागते.

अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ साली वैद्यकीय सेवेच्या अर्थशास्त्रावरील निबंधात दाखवून दिले की, येथे ज्ञान देणाऱ्यापाशी असते आणि घेणारा अंधारात असतो. तांदूळ वा कापड पारखून घेता येते, तसा उपचार पारखता येत नाही. त्यात संकोचाची भर पडली म्हणजे हा अंधार अधिकच दाट होतो.

या दुखण्याचे मूळ बहुधा कँडिडा नावाच्या यीस्टमध्ये, म्हणजे एका सूक्ष्म बुरशीत असते. ती निरोगी शरीरातही असते. प्रतिजैविके घेतल्यावर, गरोदरपणात किंवा मधुमेह आटोक्यात नसताना ती माजते. तथापि प्रत्येक खाज वा स्राव यीस्टचाच असतो असे नाही. अमेरिकेत यीस्टवरची मलमे चिठ्ठीविना मिळतात. तेथे २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, अशी औषधे स्वतःहून विकत घेणाऱ्या ९५ स्त्रियांना तपासले असता, निव्वळ यीस्टचा संसर्ग सुमारे एक-तृतीयांश स्त्रियांनाच असल्याचे आढळले. उरलेल्यांपैकी अनेकींचे दुखणे निराळेच होते आणि त्याला औषधही निराळे हवे होते.

निदान बरोबर असल्यास उपचार साधा असतो. क्लोट्रिमॅझोलचे मलम किंवा योनिमार्गात ठेवण्याची गोळी काही दिवस वापरावी लागते. क्वचित थोडी आग होते, आणि ती वाढल्यास औषध थांबवून डॉक्टरांना दाखवावे. तेलकट मलमांनी निरोधचे रबर कमकुवत होते, हेही जोडप्यांनी ध्यानात ठेवावे. पोटात घ्यावयाची फ्लुकोनॅझोलची १५० मिलिग्रॅमची एकच गोळी बहुधा पुरते. डोकेदुखी, मळमळ, पोटदुखी हे तिचे नेहमीचे उपद्रव; यकृताला इजा, अंगावर तीव्र पुरळ किंवा हृदयाच्या ठोक्यांतील बिघाड हे दुर्मिळ, पण गंभीर.

खरा धोका दुसऱ्या औषधांशी होणाऱ्या संयोगात आहे. बुरशीच्या पेशीचे आवरण तयार करणारे एक विकर, म्हणजे एन्झाइम, ही गोळी बंद पाडते. त्याच जातीची विकरे माणसाच्या यकृतात इतर औषधांचा निचरा करीत असतात, तीही मंदावतात. मग रक्त पातळ करणाऱ्या वॉरफॅरिनचा परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो. मधुमेहावरील ग्लिमेपिराइडसारख्या गोळीने साखर एकाएकी उतरू शकते. वारंवार यीस्टचा त्रास होणाऱ्या स्त्रीला मधुमेह असण्याचा संभव अधिक, हे लक्षात घेतले म्हणजे हा संयोग केवळ पुस्तकी नाही हे पटेल. गोळीचा अंमल काही दिवस टिकतो, तेव्हा ‘एकच तर गोळी’ हे समर्थन फोल ठरते. गरोदर स्त्रीने ती डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून मुळीच घेऊ नये. तिच्यासाठी सात दिवसांचा स्थानिक उपचारच सांगितला जातो.

मलमांच्या बाबतीत आणखी एक अनर्थ आपल्याकडे घडला आहे. स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक एकत्र असलेल्या मलमाने खाज झटकन थांबते, म्हणून ते लोकप्रिय होते. प्रत्यक्षात स्टेरॉइडमुळे लक्षणे झाकली जातात, बुरशी पसरत राहते आणि जांघेतील त्वचा पातळ होते. केंद्र सरकारने २०१८ साली स्टेरॉइडयुक्त मलमांची चिठ्ठीविना विक्री रोखणारा आदेश काढला. परंतु कायदा दुकानाच्या दारापर्यंत पोहोचतो. दुकानाच्या आतला संवाद त्याला घडविता येत नाही.

या सवयीचा भार एकट्या रोग्यावरच पडत नाही. अर्धवट आणि वारंवार घेतलेल्या औषधांना दाद न देणाऱ्या बुरशी टिकून राहतात, आणि त्यांचा उपद्रव ज्याने ती गोळी कधी घेतलीच नाही त्यालाही होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली घातक बुरशींची पहिली यादी केली, तेव्हा सर्वांत निकडीच्या गटात कँडिडाच्या दोन जाती होत्या.

यावर उपाय खर्चिक नाही. दुकानदाराने गोळी देण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत: गरोदर आहात का? दुसरी कोणती औषधे चालू आहेत? यकृताचा किंवा हृदयाचा विकार आहे का? हा त्रास पहिलाच की पुन्हा पुन्हा होतो? पहिलाच त्रास असेल, वर्षातून तीनदा वा अधिक उद्भवत असेल, किंवा ताप, ओटीपोटात दुखणे, दुर्गंधी असेल, तर गोळीऐवजी डॉक्टरांचा रस्ता दाखवावा. हे प्रश्न चार माणसांसमोर नव्हे, तर बाजूला घेऊन विचारता येतील एवढी जागा प्रत्येक दुकानात असते. आणि घरात, शाळा-महाविद्यालयांत या दुखण्याचे नाव सर्दी-पडशाइतक्या सहजतेने घेतले जाऊ लागले, तर चिटोऱ्यावर गोळीचे नाव लिहून पाठविण्याची पाळीच येणार नाही.