अवितरित टपाल व पत्तेसूची
अवितरित टपाल व पत्तेसूची : ज्याच्या नावे पाठविले त्याच्या हाती देता न आल्यामुळे टपाल खात्याकडे उरलेल्या अथवा प्रेषकाकडे परत आलेल्या पत्रादी वस्तूंना अवितरित टपाल म्हणतात. खाजगी पत्रव्यवहारात असा प्रसंग क्वचित येतो. बँका, विमा कंपन्या, भागधारकांच्या कंपन्या, नियतकालिके आणि सूचिपत्रे धाडणाऱ्या पेढ्या यांच्या बाबतीत मात्र तो नित्याचा असतो. कारण त्यांचे टपाल प्रत्यक्ष परिचयावर नव्हे, तर पूर्वी केव्हातरी नोंदविलेल्या पत्त्यांच्या सूचीवरून जाते. माणसे बिऱ्हाड बदलतात, मरण पावतात, दुकाने बंद होतात. सूची मात्र आपोआप बदलत नाही.

परत येणाऱ्या पाकिटावर पोस्टमन कारणाचा शेरा लिहितो. ‘पत्ता अपुरा’, ‘पत्ता सोडून गेले’, ‘घर बंद’, ‘घेण्यास नकार’, ‘मयत’ हे नेहमीचे शेरे होत. परतीच्या टपालाचा गठ्ठा न वाचताच रद्दीत टाकण्याची प्रथा अनेक कार्यालयांत आढळते. वस्तुतः हा शेरा म्हणजे सूचीच्या दुरुस्तीसाठी आयती मिळालेली माहिती असते. ‘घर बंद’ या शेऱ्याने पत्ता चूक ठरत नाही, म्हणून असे पत्र पुन्हा एकदा पाठविणे योग्य. ‘पत्ता अपुरा’ असल्यास ग्राहकाचा मूळ अर्ज काढून पाहावा. पुष्कळदा खोली क्रमांक किंवा इमारतीचे नाव नक्कल करतानाच गळलेले असते. ‘पत्ता सोडून गेले’ असल्यास नवा पत्ता मिळेपर्यंत ते नाव रोखून धरतात, पण खोडून टाकीत नाहीत. ‘मयत’ या शेऱ्यानंतर जाहिरातीच्या सूचीतून नाव तत्काळ काढावे. बँकेच्या वा विम्याच्या खात्यात मात्र तेथूनच नामनिर्देशित व्यक्तीचा व वारसांचा शोध सुरू व्हावा लागतो.

कायदेशीर नोटिशींच्या बाबतीत शेऱ्याला निराळेच महत्त्व येते. १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाच्या कलम २७ नुसार, योग्य पत्ता लिहून व हशील भरून नोंदणी टपालाने पाठविलेले पत्र, विरुद्ध सिद्ध न झाल्यास, पोचले असे मानले जाते. न वटलेल्या धनादेशाच्या नोटिशीला हे तत्त्व लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ व २००७ मधील निर्णयांत स्पष्ट केले. म्हणजे पत्र नाकारून सुटका होत नाही. परंतु मूळ पत्ताच चुकीचा असेल, तर प्रेषकालाही या गृहीतकाचा आधार उरत नाही. नोंदणी टपाल ही स्वतंत्र सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन करण्यात आली.

ज्या पाकिटावर प्रेषकाचा पत्ता नसतो ते परतपत्र कार्यालयाकडे जाते. पूर्वी यालाच मृतपत्र कार्यालय म्हणत. १८९८ च्या भारतीय डाकघर अधिनियमानुसार असे पत्र गुप्ततेस बांधलेल्या नियुक्त अधिकाऱ्यालाच, केवळ प्रेषकाचा पत्ता शोधण्यासाठी, उघडता येत असे. तरीही ठिकाण न लागल्यास पत्रे नष्ट केली जात. पैसे वा विक्रेय वस्तू एक वर्ष राखून ठेवीत व नंतर ती रक्कम खात्यात जमा होई. २०२३ चा डाकघर अधिनियम जून २०२४ मध्ये अंमलात आल्यावर जुना कायदा रद्द झाला. पाकिटाच्या बाहेर ‘न पोचल्यास परत पाठवावे’ ही सूचना व स्वतःचा पत्ता छापणे हा पत्र उघडले जाऊ न देण्याचा सर्वांत सोपा उपाय होय.

महाराष्ट्रातील पत्त्यांच्या काही खास अडचणी आहेत. ‘मु. पो.’ ही अक्षरे सवयीने एकत्र लिहिली जातात; पण मुक्कामाच्या गावी डाकघर नसल्यास ‘मु.’ व ‘पो.’ यांपुढे दोन वेगवेगळी गावे यावयास हवीत. पिंपळगाव, वडगाव अशी गावे कित्येक तालुक्यांत असल्याने तालुक्याचा उल्लेख टाळता येत नाही. जिल्हेही बदलले : २०१४ मध्ये ठाण्यातून पालघर वेगळा झाला, तर २०२३ मध्ये औरंगाबाद व उस्मानाबाद यांची नावे अनुक्रमे छत्रपती संभाजीनगर व धाराशिव अशी झाली. अशा स्थित्यंतरांतही टपालाची वाट टिकते ती मुख्यतः पिन क्रमांकामुळे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेल्या या सहा अंकी पद्धतीचे श्रेय संस्कृतचे विद्वान व केंद्रीय दळणवळण खात्यातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांना दिले जाते. पहिले तीन अंक वर्गीकरणाचा जिल्हा (उदा., मुंबई ४००, पुणे ४११, गोवा ४०३) व शेवटचे तीन वाटप करणारे डाकघर दर्शवितात.

सूची राखण्याचे तंत्र साधनांबरोबर पालटले. अमेरिकेतील जोसेफ डंकन यांनी १८९० च्या दशकात काढलेल्या ॲड्रेसोग्राफ यंत्राच्या पुढील रूपांत प्रत्येक ग्राहकाची उठावदार अक्षरांची धातूची पट्टी असे. पत्ता बदलला की ती नव्याने ठोकावी लागे. संगणकाने हे श्रम वाचविले, पण एकच माणूस ‘अ. ब. कुलकर्णी’ व ‘कुलकर्णी अ. ब.’ असा दोनदा नोंदला जाण्याचा दोष बळावला. अमेरिकेत टपाल खाते नागरिकांनी कळविलेल्या पत्तेबदलांचा कोश राखते, आणि सवलतीच्या दराने व्यापारी टपाल पाठविणाऱ्याने पाठवणीपूर्वीच्या ९५ दिवसांत आपली सूची अद्ययावत केलेली असावी लागते. भारतात सूचीधारकाची भिस्त मुख्यतः परत आलेल्या टपालावर व ग्राहकाने कळविण्यावर आहे.

दुर्लक्षाची सर्वांत मोठी किंमत भागधारकांना मोजावी लागली. लाभांशाची अधिपत्रे जुन्या पत्त्यावरून परत येत राहिली व विसरली गेली. २०१३ च्या कंपनी अधिनियमाच्या कलम १२४ नुसार सात वर्षे न घेतलेला लाभांश आणि सलग सात वर्षे लाभांश न घेतलेले भागही गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग होतात. तेथून ते परत मागता येतात. त्यासाठी मात्र अर्ज, कागदपत्रे व कंपनीकडून पडताळणी आवश्यक असते, आणि भागधारक मृत असल्यास वारसाहक्काचाही पुरावा द्यावा लागतो. डीमॅट खात्यातील भागांबाबत पत्ता कंपनीला कळवून उपयोग होत नाही. तो निक्षेपागार सहभागीकडेच बदलून घ्यावा लागतो, कारण कंपनीची सूची तेथूनच तयार होते.