गाऱ्हाणे आणि कैवारी : मराठी ख्रिस्ती साहित्यातील धीराचा शोध

दुःखाच्या काळात ख्रिस्ती श्रद्धेतून मिळणाऱ्या आधारासाठी मराठी बायबलच्या भाषांतरकारांनी जे शब्द योजले, त्यांपैकी ‘कैवारी’ हा शब्द सर्वांत बोलका ठरतो. योहानाच्या शुभवर्तमानातील चौदाव्या अध्यायात येशू शिष्यांचा निरोप घेतो, आणि त्याच्या माघारी येणाऱ्या पवित्र आत्म्यासाठी तेथे ‘पाराक्लेतोस’ हा ग्रीक शब्द येतो; त्यासाठीच मराठीत ‘कैवारी’ योजला आहे. हाक मारली असता शेजारी येऊन उभा राहणारा, न्यायसभेत आपली बाजू मांडणारा, असा त्याचा अर्थ आहे. याच धातूपासून आलेल्या इतर ग्रीक शब्दांची मराठी भाषांतरे प्रसंगानुसार ‘सांत्वन’, ‘बोध’, ‘उत्तेजन’ अशी होतात. सांत्वन करणारा डोळे पुसतो, बोध करणारा चार शब्द सांगतो. कैवार घेणारा मात्र दुःखिताच्या बाजूने भांडायला उभा राहतो. मराठी ख्रिस्ती साहित्याच्या चारशे वर्षांकडे या शब्दाच्या आधारे पाहिले, तर त्यात टिकून राहिलेले लेखन दुःखाचे कारण समजावून सांगणाऱ्यांचे फारसे नाही. ज्यांनी देवापुढे मोकळेपणाने गाऱ्हाणे मांडले आणि मग इतरांचा कैवार घेतला, त्यांचेच ते प्रामुख्याने आहे.

या गाऱ्हाण्याची मुळे बायबलमध्येच खोल गेलेली आहेत. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रे असून त्यांतील एक तृतीयांशाच्या आसपास विलापाची आहेत, म्हणजे देवाला उद्देशून केलेल्या तक्रारीची. त्यांतील बहुतेक शेवटी स्तुतीकडे वळतात, परंतु अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र वळत नाही. ते अंधारातच संपते, आणि संग्राहकांनी ते तसेच राहू दिले. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात बाबेलच्या सैन्याने यरुशलेम उद्ध्वस्त केल्यानंतरच्या शोकातून ‘विलापगीत’ हे पाच अध्यायांचे पुस्तक आकाराला आले. त्याच्या पहिल्या चार अध्यायांतील कडवी हिब्रू वर्णमालेच्या बावीस अक्षरांच्या क्रमाने बांधलेली आहेत, जणू कोसळलेल्या जगात निदान मुळाक्षरांचा क्रम तरी शाबूत राहावा अशी कवीची धडपड असावी. ईयोबाच्या पुस्तकात तर सांत्वनाच्या नेहमीच्या पद्धतीवरच आरोप ठेवला आहे. संपत्ती, मुले आणि आरोग्य गमावलेल्या ईयोबाकडे त्याचे तीन मित्र येतात, सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसतात, आणि तेवढे दिवसच त्यांचे वागणे निर्दोष असते. तोंड उघडल्यावर ते पाप आणि शिक्षा यांचे गणित मांडू लागतात, आणि अखेरीस देवाचा राग ओढवतो तो त्यांच्यावर, तक्रार करणाऱ्या ईयोबावर नव्हे. ‘संकट ही देवाने घेतलेली परीक्षा’ एवढेच सांगून मोकळ्या होणाऱ्या प्रवचनकारांनी हे पुस्तक शेवटपर्यंत वाचले असते, तर अनेक शोकाकुल घरांची त्यांच्या उपदेशातून सुटका झाली असती.

मराठीत ख्रिस्ती धीराची भाषा प्रथम मोठ्या प्रमाणावर घडवली ती थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने, म्हणजे येशूसंघ या कॅथलिक धर्मसंघाच्या सदस्याने. तो १५७९ मध्ये गोव्यात आला, साष्टी भागात त्याने आयुष्य घालवले, आणि त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. जवळपास अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्यात जगाच्या उत्पत्तीपासून ख्रिस्तजन्मापूर्वीची कथा येते, तर दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. भाषा मराठी, तिच्यात कोकणीची भर, आणि घाट पूर्णपणे पुराणाचा. या घाटामागे एक वेदना होती, आणि ती नजरेआड केली तर ग्रंथाचे मोल अर्धेच कळते. पोर्तुगीज सत्तेखालील साष्टीत देवळे पाडली गेली होती, धर्मांतरामागे सत्तेचा दाब होता, आणि नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांकडून त्यांची जुनी पुराणे काढून घेतली गेली होती. जुन्याच्या जागी वाचायला काहीतरी मिळावे ही या लोकांची मागणी ग्रंथाच्या निर्मितीमागे असल्याचे स्टीफन्सच्या मांडणीतूनच दिसते. ज्या धर्मसत्तेने माणसांच्या ओठांवरची ओवी हिरावून घेतली, तिच्याच एका सेवकाने ती परत आणून दिली, हा विरोधाभास सोडवता येत नाही आणि सोडवण्याची गरजही नाही.

ख्रिस्तपुराणाचे पुढचे आयुष्य त्याच्या कर्त्याच्या कल्पनेपलीकडचे ठरले. सतराव्या शतकातच त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. परंतु १६८४ मध्ये पोर्तुगीज शासनाने देशी भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढले आणि गोव्यातून गेलेल्या कुटुंबांबरोबर हा ग्रंथ हस्तलिखितांच्या रूपाने कानडी किनाऱ्यावर अधिक जपला गेला. १७८४ मध्ये टिपू सुलतानाने मंगळूर परिसरातील कॅथलिकांना हजारोंच्या संख्येने कैद करून श्रीरंगपट्टणाकडे नेले, आणि जे वाचले त्यांची सुटका १७९९ मध्ये त्याच्या पाडावानंतर झाली. या पंधरा वर्षांत धर्मगुरू नव्हते, देऊळ नव्हते, मिस्सा, म्हणजे कॅथलिकांचा मुख्य उपासनाविधी, नव्हती. अशा वेळी ख्रिस्तपुराणाच्या पठणाने श्रद्धा तगून राहिली, अशी या समाजाची परंपरा सांगते. परंपरेत अतिशयोक्तीला वाव असतो हे मान्य केले, तरी एक गोष्ट सहज पटण्यासारखी आहे : बंदिवासात ग्रंथालय सोबत नेता येत नाही, पाठ असलेली ओवी मात्र कोणी काढून घेऊ शकत नाही.

एकोणिसाव्या शतकात अहमदनगर हे अमेरिकन मराठी मिशनचे प्रमुख केंद्र बनले, १८४२ पासून ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघू लागले, आणि प्रॉटेस्टंट उपासनेत प्रारंभी इंग्रजी चालींवर बेतलेली गीते म्हटली जाऊ लागली. परक्या चालीत रडता येत नाही, हे जाणणाऱ्यांपैकी कृष्णराव सांगळे यांनी नगरकडे ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा रुजवली, आणि पुढे नारायण वामन टिळक यांनी अभंगाला ख्रिस्ती उपासनेत हक्काचे स्थान मिळवून दिले. वारकरी परंपरेत करुणेचे अभंग हा एक स्वतंत्र प्रांतच आहे. नामदेव, जनाबाई आणि तुकाराम विठ्ठलाशी रुसतात, भांडतात, त्याला जाब विचारतात. हिब्रू विलापस्तोत्राला मराठीत इतके सोयीचे घर दुसरे कोणतेही मिळाले नसते. टिळकांनी आपल्याला ख्रिस्ताकडे नेणारा पूल म्हणून तुकारामाचा उल्लेख केला, त्याचा अर्थ केवळ भक्तीच्या साम्यापुरता नाही; देवापुढे दुःख कसे बोलावे याचे व्याकरण त्यांना तेथे आधीच शिकायला मिळाले होते. ‘बापाचे अश्रू’ हे त्यांचे विलापकाव्य त्या व्याकरणाची साक्ष देते.

टिळकांचा बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती धर्मदीक्षेचा जलसंस्कार, १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत झाला. त्या एका घटनेने त्यांना जी शांती मिळाली तिची किंमत मात्र प्रथम त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी चुकती केली. सुमारे पाच वर्षे त्या पतीपासून दूर, नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या. पती जिवंत असून घर मोडलेले, मुलाचे काय होणार याची धास्ती, आणि भोवती कीव करणाऱ्यांची गर्दी. एकाच्या श्रद्धेतून दुसऱ्याचे दुःख उभे राहू शकते, ही गोष्ट धर्मांतराच्या कथांमध्ये सहसा बाजूला सारली जाते. ‘स्मृतिचित्रे’ या १९३४ ते १९३६ या काळात खंडशः प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात लक्ष्मीबाईंनी ती लपवली नाही. पुढे त्या टिळकांकडे गेल्या, सोवळ्याओवळ्याचा हट्ट आपल्याच विचाराने गळून पडल्यावर त्यांनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला, पण त्यांच्या लेखनात उपदेशाचा सूर कोठेही चढत नाही. अत्यंत बिकट प्रसंग सांगताना त्या स्वतःच्या फजितीवर हसतात, आणि हे हसणेच वाचकाला धीर देते. मराठी ख्रिस्ती साहित्यात प्रवचनांचे ढीग आहेत. पतीच्या लहरी, पाहुण्यांची वर्दळ आणि रिकामा डबा यांच्या मधोमध टिकलेली श्रद्धा इतक्या सहजतेने दाखवणारे दुसरे पुस्तक नाही. टिळकांनी आरंभलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांच्या १९१९ मधील निधनामुळे अपुरे राहिले, आणि औपचारिक शिक्षण जवळजवळ नसलेल्या या बाईंनी त्याचा उरलेला मोठा भाग लिहून काढला. वैधव्याच्या दुःखावर याहून कष्टाचा आणि याहून मराठमोळा उपाय कल्पिणे अवघड आहे.

पंडिता रमाबाई यांच्या आयुष्यात श्रद्धा आणि दुःख यांच्या नात्याचा हा प्रश्न अधिक कठोर होऊन येतो. १८५८ मध्ये जन्मलेल्या रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे पुराण सांगत तीर्थक्षेत्रे फिरणारे विद्वान होते. १८७० च्या दशकातील उपासमारीत वडील, आई आणि थोरली बहीण पाठोपाठ गेली. उरलेला भाऊ श्रीनिवास १८८० मध्ये वारला. त्याच वर्षी झालेला विवाह दोन वर्षांच्या आत पती बिपिनबिहारी मेधावी यांच्या मृत्यूने संपला, आणि तान्ह्या मनोरमेला घेऊन त्या महाराष्ट्रात आल्या. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. यानंतर सांत्वन लाभले आणि कथा सुफळ झाली, असे त्यांच्या चरित्राचे वळण नाही. चर्चमधील अधिकाऱ्यांशी त्यांनी मतस्वातंत्र्याच्या हक्काने वाद घातला, कोणाच्याही सांगण्यावरून सिद्धान्त मान्य करायला नकार दिला, आणि पुढे आपल्या साक्षीत, म्हणजे स्वतःच्या श्रद्धेचा अनुभव सांगणाऱ्या निवेदनात, त्यांनी कबूल केले की बाप्तिस्म्याने ख्रिस्ती धर्म हाती आला होता, पण ख्रिस्त सापडायला आणखी आठ वर्षे लागली. ही मधली आठ वर्षे भक्तिपर चरित्रकार घाईने ओलांडतात. संकटात सापडलेल्या माणसाला खरा दिलासा कदाचित याच आठ वर्षांत आहे, कारण संस्कार झाला, प्रार्थना पाठ झाली आणि तरी आत काहीच हलले नाही, ही अवस्था एवढ्या मोठ्या बाईनेही भोगली होती.

१८८९ मध्ये त्यांनी मुंबईत सुरू केलेले ‘शारदा सदन’ हे विधवांसाठीचे विद्यालय पुढच्या वर्षी पुण्यास हलले. १८९६-९७ च्या दुष्काळाच्या बातम्या आल्या तेव्हा रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तेथून शेकडो मुली व स्त्रियांना घेऊन आल्या. आपल्या घराची झालेली अन्नान्न दशा त्यांना आठवत होती, आणि त्या आठवणीनेच त्यांना तिकडे ओढून नेले. केडगाव येथे ‘मुक्ती’ ही त्यांची संस्था उभी राहिली, १९०० च्या दुष्काळानंतर तेथील वस्ती दोन हजारांच्या घरात गेली, आणि शेती, विणकाम, छपाई, अंध मुलींसाठी ब्रेल शिक्षण अशी कामे तेथे चालू लागली. अन्नदानाबरोबर धर्मदान होते, असा आक्षेप त्या काळी घेतला गेला आणि आजही घेतला जातो. आक्षेप निराधार नाही, कारण मुक्तीतील दिनक्रम उघडपणे ख्रिस्ती होता आणि उपाशी माणसाचा स्वीकार कितपत मुक्त असतो हा प्रश्न खराच आहे. मात्र आक्षेप घेणाऱ्यांपैकी किती जणांनी दुष्काळी छावण्यांतून मुली उचलून आणल्या, हा प्रश्नही तितकाच खरा आहे. कैवारी या शब्दाचा अर्थ रमाबाईंनी व्याख्यानात सांगितला नाही, बैलगाड्या आणि धान्याच्या हिशेबात दाखवला.

वसईच्या ख्रिस्ती समाजात आणि ‘सुवार्ता’ मासिकाभोवती ही परंपरा विसाव्या शतकात वेगळ्या रीतीने चालू राहिली. तेथील फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी एकीकडे ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले आणि दुसरीकडे वसईच्या निसर्गरक्षणासाठी उभ्या राहिलेल्या हरित वसईच्या चळवळीत सामान्यांचा कैवार घेतला. २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. या प्रवाहाचा विस्तृत विचार स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

रमाबाईंच्या अखेरच्या वर्षांकडे पुन्हा वळावे लागते ते त्यांच्या भाषांतरामुळे. प्रचलित मराठी बायबलची भाषा संस्कृतप्रचुर होती, खेड्यातून आलेल्या बायकांना ती उमगत नव्हती, आणि त्यातील अनेक शब्दांना जुन्या धर्मकल्पनांचा वास येतो असे रमाबाईंचे मत होते. त्यासाठी त्यांनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषांचा अभ्यास केला आणि संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम एकटीने हाती घेतले. हे मराठी पंडितांना पसंत पडले नाही, आणि साहित्यकृती म्हणून पाहता त्या भाषांतराला खडबडीतपणा आहेच. परंतु ते ज्यांच्यासाठी होते त्या बायकांच्या कानांना तो टोचणारा नव्हता. काम चालू असतानाच रमाबाईंना ऐकू येणे फार कमी झाले होते. १९२१ च्या जुलैत मनोरमा गेली. आईवडील, बहीण, भाऊ आणि पती यांच्यानंतर आता मुलगीही. मुद्रितांची तपासणी त्यानंतरही चालू राहिली, नऊ महिन्यांच्या आत, १९२२ च्या एप्रिलमध्ये, रमाबाईंनीही डोळे मिटले, आणि मुक्तीच्या छापखान्यात तिथल्याच बायकामुलींनी खिळे जुळवून छापलेले ते बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले.