टाळ्यांचा नाद

सकाळी नऊ ते दुपारी दोन चार्ल्स डिकन्सच्या घरात कुणी मोठ्याने बोलायचे नाही, असा शिरस्ता होता. काही सुचो वा न सुचो, स्वारी टेबलापाशी बसलेली असायचीच. मग लंडनच्या रस्त्यांतून मैलोगणती पायपीट! कादंबऱ्या हप्त्याहप्त्याने निघत. हप्ता चुकवून भागणार कसे?

असल्या काटेकोर माणसाला व्यासपीठाची चटक लागली. १८५३ साली बर्मिंगहॅमला त्याने धर्मादायासाठी आपली गोष्ट वाचून दाखवली. १८५८ पासून तो स्वतःसाठी तिकीट लावून वाचू लागला. वाचन कसले, एकपात्री नाटकच ते! १८६७-६८ च्या अमेरिकेच्या दौऱ्यात सुमारे १९,००० पौंड मिळाले. पडसे मात्र हटेना, अन्न जाईना.

पुढे तो 'ऑलिव्हर ट्विस्ट'मधला नॅन्सीचा खून वाचू लागला. ऐकता ऐकता बायकांना भोवळ येई. त्याची स्वतःची नाडी शंभरापलीकडे जाई. ती मोजायला डॉक्टर हजर असत. मित्रांनी विनवले, मुलाने विनवले. ऐकतो कोण? पैशाचा मोह होताच. पण लिहिण्याच्या खोलीत टाळ्या वाजत नाहीत, हे खरे दुखणे असावे.

एप्रिल १८६९ मध्ये डॉक्टरांनी दौरा बंद पाडला. तरी १५ मार्च १८७० पर्यंत लंडनमध्ये निरोपाची वाचने झालीच. ९ जूनला तो गेला, अवघ्या ५८ व्या वर्षी. 'एडविन ड्रूड'चे १२ हप्ते ठरले होते, हाती आले ६. ड्रूडचे पुढे काय झाले, यावर वाचक अजून भांडताहेत.