फौजीच्या लेकीचे दात आणि विम्याचा कागद

मी शेतकी खात्यातला माणूस. विमा म्हटला की माझ्या डोळ्यांपुढे पिकाचा विमा येतो, दातांचा नव्हे. पण गेल्या रब्बीच्या तोंडावर साताऱ्याकडच्या एका गावात हरभऱ्याच्या बियाण्याला जिवाणू कसे चोळायचे ते दाखवत होतो, तेव्हा एका निवृत्त हवालदारांनी मला बाजूला घेतले.

"साहेब, थोरलीचे दात लई पुढं आल्यात. शहरातला डॉक्टर तार बसवा म्हणतोय. माझा भाचा अमेरिकेत असतो, तो सांगतो, तिकडं फौजेतल्या लोकांच्या पोरांना तारेचंबी पैसे मिळत्यात. खरं हाय का? आन् आपल्याकडं काय?"

लेक तेरा वर्षांची. वर्गात पोरे नावे ठेवतात म्हणून हसताना तोंडावर हात धरते. सोयाबीन विकून आलेले पैसे हवालदारांच्या खिशात होते आणि दुसऱ्या दिवशी ते खासगी दवाखान्यात भरायला निघाले होते. मी म्हटले, "आठ दिवस थांबा, अण्णा. आधी कागद बघू."

भाच्याचे म्हणणे खरे निघाले, पण अर्धेच. अमेरिकेत नोकरीवरच्या सैनिकाचे स्वतःचे दात सरकार सांभाळते. बायकामुलांसाठी ट्रायकेअर डेंटल प्रोग्राम नावाचा वेगळा विमा आहे. तो आपोआप लागू होत नाही. नाव नोंदवायचे, दरमहा हप्ता भरायचा, आणि एकदा आत शिरले की निदान बारा महिने राहायचे. 2017 साली सुरू झालेल्या करारात तारेच्या खर्चाचा निम्मा वाटा विम्याचा आणि निम्मा घरच्याचा असा हिशेब होता. त्या निम्म्यालाही बांध घातलेला: एका माणसामागे, सबंध आयुष्यात मिळून, 1,750 डॉलर. समजा तारेला 5,000 डॉलर लागले. निम्मे झाले 2,500. पण विमा 1,750 वर थांबतो आणि बापाच्या खिशातून 3,250 जातात. मुलांना वयाची अट 21 वर्षांची, पूर्णवेळ शिकत असेल तर 23 ची. ते वय भरले की तार तोंडात असली तरी त्या महिन्याअखेर विम्याचे पैसे बंद! बाप निवृत्त झाला की हा विमाही सुटतो. 2019 पासून तिथल्या निवृत्त सैनिकांना केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या योजनेतून दुसरा विमा स्वतः हप्ता भरून घ्यावा लागतो.

पीकविम्याचा कागद वाचलेल्या शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही. आपल्याकडेही विमा संरक्षित रकमेच्या वर दमडी मिळत नाही. गारपीट झाली तर 72 तासांत कळवावे लागत असे. कळवायचे राहिले तर शेत कितीही झोडपलेले असो, दावा अडत असे. नुकसान खरे असणे वेगळे आणि ते वेळेत, योग्य दारी सांगणे वेगळे. हे मी वीस वर्षे बांधाबांधावर सांगत आलो आहे, आणि तरी दरसाल चार माणसे तहसीलच्या पायरीवर हताश बसलेली दिसतातच.

आता आपल्या फौजेचे. आपल्याकडे सैनिकाच्या घरच्यांना दातांचा असा वेगळा विमा नाही, दरमहाचा हप्ताही नाही. सेवेत असेपर्यंत बायकामुलांचे औषधपाणी लष्करी रुग्णालयात होते आणि दातांसाठी लष्कराची दंत केंद्रे आहेत. लष्कराचे दंतवैद्यक दल 1941 पासूनचे आहे. निवृत्तीनंतर माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना, म्हणजे ईसीएचएस, लागू होते. ही योजना 1 एप्रिल 2003 पासून सुरू झाली. तिचे अंशदान एकदाच भरायचे. मुलगा 25 वर्षांचा होईपर्यंत, कमावू लागेपर्यंत किंवा त्याचे लग्न होईपर्यंत, यातले जे आधी घडेल तोवर तिच्यात राहतो. मुलगी कमावती होईपर्यंत किंवा तिचे लग्न होईपर्यंत.

आणि इथेही दार ठरलेले आहे. आधी पॉलिक्लिनिक. तिथला दंतवैद्य तपासणार, त्याला गरज वाटली तर यादीवरच्या दवाखान्याची चिठ्ठी देणार. आधी बाहेर तार बसवून मग पावत्यांची चळत घेऊन गेलात तर ती चळत परत घरी येईल. तार काही अपघात नव्हे की रात्री धावत जावे लागले. शिवाय तार सगळ्यांना मंजूर होते असेही समजू नका. चेहरा बरा दिसावा एवढ्याने भागत नाही. घास तोडता येत नाही, ओठ मिटत नाहीत, खालचे दात टाळूला लागतात, असे जे काही खरे असेल ते दंतवैद्याकडून लिहून घ्या. उत्तर नकाराचे असले तरी ते कागदावर मागा.

एक अडचण मात्र माझ्या ध्यानात आली. आपला जवान बहुधा चाळिशीच्या आतबाहेर घरी येतो. नेमके तेव्हा मूल बारा-चौदा वर्षांचे असते, दुधाचे दात पडून पक्के आलेले, जबडा अजून वाढीला. तारेला हेच वय चांगले. म्हणजे एक दार बंद होऊन दुसरे उघडण्याच्या वेळेलाच मुलाला गरज पडते. ज्यांचा मुलगा वा जावई अजून सेवेत आहे त्यांनी नातवंडाचे दात तो सुट्टीवर आला की दाखवायला सांगावे. उपचाराला दीड-दोन वर्षे लागतात आणि महिन्या-दीड महिन्याने फेरी असते. मध्येच बदली झाली तर क्ष-किरण चित्रे आणि दातांचे साचे बरोबर घ्यावेत, म्हणजे नव्या डॉक्टरला मुळापासून सुरुवात करावी लागत नाही.

हवालदार लेकीला घेऊन पॉलिक्लिनिकात गेले. तिथे कळले की मागची एक दाढ किडली आहे. तार पुढची गोष्ट, आधी दाढ भरायची. ती भरून झाली. तारेच्या तपासणीसाठी चिठ्ठीही मिळाली, तारखेची वाट बघताहेत. सोयाबीनचे पैसे सध्या बँकेत आहेत.

परवा त्यांच्या गुऱ्हाळावर गेलो, तर लेक कांडे दाताने सोलत बसली होती. मी सांगितले, "बाळे, तार बसली की हे बंद. भाजके चणेही नाहीत, आणि पेरू फोडी करून."

"दोन वर्षं ऊस न्हाई?"

"रस पी की," हवालदार म्हणाले.