माल्टोजची वाट आणि लॅम्डा विषाणू

भाकरीचा घास नीट चावत राहिलो की गोडसर लागू लागतो. लाळेमुळे पिठातला स्टार्च तुटतो आणि माल्टोज नावाची साखर तयार होते. आपल्या आतड्यातला ई. कोलाय हा जिवाणूही ही साखर खातो. ती त्याच्या पेशीत कशी शिरते, ते आधी पाहू.

ई. कोलायला दोन पटले, म्हणजे पातळ आवरणे असतात. बाहेरचे पटल घातक द्रव्ये अडवते, पण अन्नालाही सहजी आत सोडत नाही. म्हणून त्यात प्रथिनांच्या नळ्या रोवलेल्या असतात. त्यांना पोरिन म्हणतात. छोटे रेणू त्यांतून आपोआप झिरपतात.

माल्टोज अगदी थोडे असेल किंवा साखरेच्या साखळ्या लांब असतील, तर एवढ्याने भागत नाही. तिथे लॅम-बी हे खास प्रथिन लागते. ते तीन नळ्यांचे मिळून बनते. प्रत्येक नळीच्या आतून विशिष्ट अमिनो आम्लांची, म्हणजे प्रथिनाच्या घटकांची, एक वळणदार रांग जाते. साखर तिला चिकटत चिकटत घसरगुंडीवरून उतरावी तशी खाली येते.

दोन पटलांमधल्या जागेत दुसरे प्रथिन ती पकडते. मग आतल्या पटलातला पंप ऊर्जा खर्चून तिला पेशीत ओढतो.

आता विषाणूकडे वळू. लॅम्डा हा जिवाणूंनाच लागण करणारा विषाणू, म्हणजे फाज. एस्थर लेडरबर्ग यांनी १९५१ मध्ये त्याची नोंद प्रसिद्ध केली. त्याच्या शेपटीच्या टोकाला जे नावाचे प्रथिन असते. ते लॅम-बीच्या बाहेर डोकावणाऱ्या भागांना घट्ट धरते.

इथे बहुतेकांची गल्लत होते. विषाणू साखरेच्या नळीतून आत घुसतो, असे वाटते. पण नळीची सर्वांत अरुंद जागा जेमतेम अर्ध्या नॅनोमीटरची आहे (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). डीएनएचा धागाच २ नॅनोमीटर जाड, तो त्यातून जाणार कसा? लॅम-बी ही विषाणूची पकडण्याची जागा आहे. पकड बसली की शेपटी डीएनए आत सोडते. रिकामे कवच बाहेरच राहते.

प्रयोगशाळेत नवख्यांचा प्रयोग फसतो तो वेगळ्याच ठिकाणी. जिवाणू ग्लुकोजवर वाढवले, तर लॅम-बी फारच कमी बनते आणि लॅम्डा नीट चिकटत नाही. म्हणून आधी जिवाणूंना माल्टोज द्यावे आणि सोबत मॅग्नेशियमचा क्षार घालावा. ही पायरी कधीही गाळू नये.

लॅम-बी बनवणेच सोडले, तर जिवाणू लॅम्डापासून वाचतो. पण लांब साखळ्यांच्या साखरेला मुकतो. काही उत्परिवर्तित जिवाणूंनी याहून सरस मार्ग काढलेला दिसतो. त्यांच्या लॅम-बीचा बाहेरचा भाग बदलतो, त्यामुळे विषाणूची पकड सुटते आणि साखर मात्र येत राहते.

विषाणूही बदलतो. अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठात ग्लुकोजवर वाढलेल्या जिवाणूंनी लॅम-बी जवळजवळ बंद केले होते. ग्लुकोज असल्यामुळे त्यांचे काही अडलेही नाही. तिथे लॅम्डाच्या काही वंशांत जे प्रथिनात चार बदल साठले आणि ते विषाणू ओम्प-एफ या दुसऱ्याच पोरिनला धरू लागले. हे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले.