प्रोटीन स्मूदीनंतर पोट फुगतं? डब्यामागची यादी वाचा!

वाटाणा, सोया, हरभरा यांत रॅफिनोज आणि स्टॅकिओज या शर्करा असतात. त्या फोडणारं अल्फा-गॅलॅक्टोसिडेज हे एन्झाइम आपल्या लहान आतड्यात तयारच होत नाही. मग त्या तशाच मोठ्या आतड्यात पोचतात, तिथले जिवाणू त्यांच्यावर ताव मारतात आणि गॅस होतो. उसळीचं कडधान्य भिजवून, पाणी ओतून देऊन, मोड आणले की या शर्करा बऱ्याच कमी होतात. आज्यांची ही पद्धत मला फार मोलाची वाटते.

पावडरीतही तेच. ‘आयसोलेट’मध्ये प्रथिनं साधारण ८० टक्के किंवा जास्त, म्हणून या शर्करा कमी, ‘कॉन्सन्ट्रेट’मध्ये जास्त.

पण मला खरा त्रास दिला तो इन्युलिननं! चिकोरीच्या मुळांपासून काढलेला हा तंतू ‘फायबर’ म्हणून घातलेला असतो. तो नसलेला डबा आणला आणि आठवड्यात पोट हलकं झालं. सॉर्बिटॉल, झायलिटॉल या गोडीसाठी घातलेल्या घटकांवरही नजर ठेवा.

सुरुवात अर्ध्या स्कूपनं करा. मिक्सरमधला फेस बसू द्या, मग सावकाश घोट घोट प्या. आणि सफरचंद, खजूर, ओट्स सगळं एकाच ग्लासात नको; एक पिकलेलं केळं पुरे.