मेथाडोन सोडविताना आप्तांचे कर्तव्य

अफू, हेरॉइन इत्यादी मादक द्रव्यांच्या आहारी गेलेल्या माणसाला त्यांतून सोडविण्यासाठी जी औषधे दिली जातात, त्यांत मेथाडोनचे स्थान महत्त्वाचे आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर जर्मनीत ते वेदनाशामक म्हणून तयार झाले. १९६५ साली न्यूयॉर्कच्या व्हिन्सेंट डोल व मारी निस्वाँडर या डॉक्टरांनी हेरॉइनच्या व्यसनावर त्याचा कसा उपयोग होतो, ते जगापुढे मांडले. आपल्या देशात २०१२ साली मोजक्या केंद्रांतून हा उपचार सुरू झाला. रुग्णाने रोज केंद्रावर जावे आणि कर्मचाऱ्यांच्या समक्ष औषध प्यावे, अशी त्याची सामान्य रीत आहे.

हेरॉइनचा अंमल काही तासांत ओसरतो आणि माणूस पुन्हा तळमळू लागतो. मेथाडोनचा परिणाम दिवसभराहून अधिक टिकतो. त्यामुळे ही तळमळ थांबते व रुग्ण कामधंद्याला लागतो. नेमक्या याच वेळी घरची माणसे विचारू लागतात, “आता हे औषध तरी कधी सुटणार?” प्रश्न मायेपोटी आलेला असतो, पण त्यातली घाई घातक ठरू शकते.

पहिली गोष्ट म्हणजे, मेथाडोन सोडणे ही उपचाराची अट नव्हे. मधुमेहाचा रुग्ण जसा वर्षानुवर्षे औषध घेतो, तसे कित्येकांना हेही दीर्घकाळ घ्यावे लागते. सोडण्याचा निर्णय रुग्णाने स्वतः, डॉक्टरांशी विचारविनिमय करून घ्यावयाचा असतो. लग्न ठरले, शेजारी बोलू लागले किंवा केंद्रावर जाण्यायेण्याचा कंटाळा आला, ही त्याची कारणे होऊ शकत नाहीत. गरोदर स्त्रीच्या बाबतीत तर औषध एकाएकी थांबविल्यास पोटातील बालकालाही धोका पोहोचतो.

निर्णय झाल्यावर मात्रा पायरीपायरीने उतरवावी लागते. समजा, एखाद्याची मात्रा ६० मिलिग्रॅम आहे आणि डॉक्टरांनी दर पंधरवड्याला ५ मिलिग्रॅम कमी करण्याचे ठरविले. तरी बारा पायऱ्या, म्हणजे जवळजवळ सहा महिने लागतील. शिवाय ६० मधून ५ गेले तर बारावा हिस्सा जातो. २० मधून ५ गेले तर चौथा हिस्सा जातो. म्हणून अखेरचा टप्पा सर्वांत अवघड असतो आणि तेथे पायऱ्या आणखी लहान कराव्या लागतात. मध्येच थांबावे लागले किंवा एक पायरी वर चढावे लागले, तर तो पराभव मानू नये. हे सर्व गणित डॉक्टरांचे आहे. घरच्यांनी परस्पर मात्रा कमी करू नये, मग लपवून करणे तर दूरच.

या काळात जांभया, घाम, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगदुखी, जुलाब, चिडचिड आणि निद्रानाश ही लक्षणे दिसतात. हेरॉइनच्या मानाने ती उशिरा सुरू होतात व अधिक आठवडे रेंगाळतात. याला ढोंग समजू नये. पाणी व हलका आहार, थोडे फिरणे आणि शांत सोबत यांचा उपयोग होतो. झोपेसाठी मात्र दुकानातून परस्पर गोळ्या आणू नयेत. मेथाडोनबरोबर झोपेच्या गोळ्या किंवा दारू घेतल्यास श्वास मंदावून मृत्यू ओढवू शकतो. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन मेथाडोनचा परिणाम घटविते. म्हणून कोणतेही नवे औषध सुरू करताना मेथाडोनची माहिती डॉक्टरांना दिलीच पाहिजे. औषध घरी मिळत असेल, तर ते कुलुपात ठेवावे. मुलाच्या पोटात थोडे गेले तरी प्राणावर बेतते.

खरा धोका मात्र औषध सुटल्यानंतरचा आहे. शरीराची सवय तोवर मोडलेली असते. पूर्वी जी मात्रा सहज पचत होती, तीच आता जीव घेऊ शकते. हे रुग्णाला आणि घरच्यांना आधीच स्पष्टपणे सांगितलेले असावे. माणूस हाक मारूनही जागा होत नसेल, श्वास अगदी मंद वा घरघरता असेल, ओठ निळसर झाले असतील, तर क्षणही न दवडता ११२ किंवा १०८ क्रमांकावर मदत मागवावी, त्याला कुशीवर वळवावे व एकटे सोडू नये. नॅलोक्सोन हे उतारा म्हणून दिले जाणारे औषध श्वास पूर्ववत करू शकते. पण त्याचा प्रभाव लवकर सरतो आणि मेथाडोनचा उरतो. म्हणून शुद्ध आली तरी रुग्णालय गाठावेच लागते.

पाऊल पुन्हा घसरले, तर ते घरी निःशंकपणे सांगता यावे, एवढा विश्वास कुटुंबाने टिकवावा. ज्याला बोलणी खाण्याची धास्ती असते, तो एकांत शोधतो. आणि एकांतात श्वास थांबला, तर मदतीला कोणीच नसते. घसरलेल्याला पुन्हा उपचारावर घेता येते. केंद्राचा पत्ता ठाऊक नसेल, तर केंद्र शासनाच्या १४४४६ या निःशुल्क क्रमांकावर विचारणा करावी. औषध किती लवकर सुटले, याची मोजदाद आप्तांनी ठेवू नये. आपला माणूस जिवंत आहे, कामावर जातो आहे आणि आपल्याशी खरे बोलतो आहे, एवढे त्यांनी रोज पाहावे.